डावं चाक

राजेंद्र नगरच्या स्टॉपवर प्रेमलता बसच्या रांगेत उभी होती. मागे एक नवरा-बायको. जुन्या संस्थानी दरबारातल्या एका साहेबाकडून घेतलेली त्यांची दोन सीटची स्पोर्ट्स कार मिस्त्रीकडे पडली होती, हे एव्हाना साऱ्या रांगेला कळलं होतं.

"मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शिअल बदलायचाच, कुमुद. घाटात डावं चाक जागच्या जागी फिरतं अन् उजवं ठप्प. नवा वाला दोन्ही चाकांना जोर देतो."

"मिस्त्री तर म्हणत होता, जुनाच वेल्ड करून टाकू."

"मग वळणावर टायर घासतात. मुंबईहून तो नवा प्लेटवालाच मागवू."

"पण मी असते तेव्हा तर चाक कधी असं फिरत नाही."

"तू डावीकडे बसतेस ना. वजनानं चाक दाबून राहतं."

"मतलब, तुम्ही एकटे असलात तरच फिरतं."

"बिल्कुल."

"दर वेळी?"

"दर वेळी असं नाही. मागच्या रविवारी मानपूरचा घाट गाडी एकदम मक्खनसारखी चढली."

"मागच्या रविवारी मी देवासला होते, ताईकडे."

बस आली. रांगेतलं कोणीच हललं नाही.