सेक्रेटरींची बोली

लेकीची नवी पद्धत बंद पाडली, तर शांती नगरच्या त्या सेक्रेटरींना टँकरचं पहिलं पाणी पुन्हा आपल्याच बी विंगला घेता येणार होतं. २००६चा मे महिना. बापलेक खांद्यावर टॉवेल टाकून शेअर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे उभे होते.

“चार विंगचे चार कॉम्प्युटर आपसातच पाण्याचा लिलाव करतात? मध्ये कोणीच नाही?”

“कोणीच नाही, पप्पा. प्रत्येक विंगला आठवड्याला शंभर पॉइंट. गरज असेल तशी बोली लावायची.”

“मग आपणच कोरडे कसे?”

“तुम्हीच सांगितलंत, आपल्या कॉम्प्युटरने हरायचं नाही. त्याने सोमवारीच शंभर उडवले.”

“अगं, पण मी सेक्रेटरी आहे!”

“ते त्याला माहीत नाही.”

“आणि डी विंग?”

“बारा-बारा पॉइंट लावून रोज पाणी घेतेय. पार वरच्या मजल्यापर्यंत.”

“सहा वर्षांत मला नाही जमलं ते.”

“मग आजच्या मीटिंगमध्ये काय सांगणार? बंद?”

“बंद कशाला? सोसायटीत मला ‘नाही’ म्हणणारं पहिल्यांदाच कोणीतरी भेटलंय, मनाली. चालू ठेव.”

रिक्षा आली. हाटकेश भागात राहणाऱ्या आत्याकडे आंघोळीला जायचं दोघांचं भाडं सेक्रेटरींनी दिलं.