सरकारने दिलेला वकील

माझं माहेर नांदगावकडचं. चौथीपर्यंत शाळा केली, पण गुरुजींनी नाव विचारलं तरी मी खाली बघायची. लग्न होऊन पंचवटीत आले तरी तेच. आमचे हे म्हणायचे, हिच्या अंगावर बैल आला तरी ही ओरडायची नाही.

हे भाजीबाजारात हमाली करायचे. ऐंशीच्या पुढचं साल असेल, एका व्यापाऱ्याची सायकल गेली आणि पोलिसांनी यांना उचललं, का, तर त्या दुपारी हे कामावर नव्हते. नव्हतेच, काय सांगू तुम्हाला, शेजारच्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढत होते, अख्ख्या गल्लीने बघितलं, पण गल्लीला विचारतंय कोण. जामीन राहायला सातबारावाला माणूस पाहिजे, तो आम्ही कुठून आणायचा. हे आत बसले.

गरिबाला आता सरकार वकील देतं म्हणाले, मला वाटलं सुटलो. तो वकील तुरुंगात एकदाही गेला नाही. तारखेला कोर्टाच्या जिन्यात भेटला, तोंडात पान, यांना म्हणाला, अरे कबूल करून टाक, आत राहिलास तेवढीच शिक्षा धरतील, संध्याकाळी घरी जेवशील. हे म्हणाले, साहेब, मी चोरी केलीच नाही. तो म्हणाला, ते मी कुठे विचारलं?

एकदा कबूल केलं की जन्माचे चोर, बाजारात काही गेलं की पोलीस पहिले आमच्या दारात. त्या वकिलालाही ते कळत होतं, पण त्याला घाई होती.

वर न्यायाधीश साहेबांनी विचारलं, आरोपीशी बोललात का? वकील म्हणाला, हो, सविस्तर. तेव्हा मी मागून बोलले. हे वकील जिन्यात बोलले साहेब, आत्ताच, त्या दुपारी आमचे हे कुठे होते एवढंसुद्धा विचारलं नाही. शिपाई म्हणाला, ए बाई, गप बस. मी बसले नाही, तोंडात धरलेला पदर काढला आणि परत तेच सांगितलं.

साहेबांनी दुसरा वकील दिला. त्याने गल्लीतली माणसं उभी केली, हे निर्दोष सुटले. पण त्यात अख्खा पावसाळा गेला, तो यांनी आत काढला.

आता हे दारात बसून लसूण सोलतात, आल्यागेल्याला सांगतात, माझी वकील घरातच होती, आणि मला वकिलीणबाई म्हणून हाक मारतात. लोक हसतात. मला हसू येत नाही. त्या दुसऱ्या वकिलाचं देव भलं करो. पहिल्याला मी अजून शिव्या देते, मनातल्या मनात. बोलायचं काम त्याचं होतं, माझं नव्हतं.