अयूबभाईंचा रोजेदार पट्टा

आजच्या सेवानिवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आदरणीय लटारूभाऊ, व्यासपीठावरील वरिष्ठ साहेब, सत्कारमूर्ती अयूबभाई, पहिल्या रांगेत डोळे पुसत बसलेल्या रशिदाभाभी, आणि पोंभुर्ण्याच्या आसपासच्या गावांतून मुद्दाम आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बोलायला उभी राहण्याआधी मी बाहेरचा कर्णा बंद करायला लावला. मंडपवाले रागावले आहेत. कारण सांगते, जरा धीर धरा.

मी, साधना, या कृषी संशोधन केंद्राच्या कार्यालयात लागले तेव्हा देवनळ म्हणजे नदीकाठचं रान, एवढंच मला ठाऊक होतं. अयूबभाईंनी ते शेतात लावलं. बांबूसारखं उंच होणारं हे गवत एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापायचं आणि चुलीत घालायचं. सरपणाला वाघाच्या जंगलात गेलेली बाई संध्याकाळी परत येईल की नाही, ही धास्ती आपल्याकडे कोणत्या घरात नाही? ते म्हणायचे, "साधनाबाई, मले बायांची मोळी गावातच बांधाची आहे."

पण गरिबानं याला युरिया कुठून घालायचा? किती लागतो, मुळात लागतो का, हेच बघायचं होतं. म्हणून त्यांनी पट्टे पाडले. कोणाला भरपूर युरिया, कोणाला थोडा, आणि एका पट्ट्याला अजिबात नाही. सगळ्यांची तुलना त्याच्याशी. आम्ही त्याला गमतीनं अयूबभाईंचा रोजेदार म्हणायचो.

आणि काय सांगू, तिसऱ्या वर्षी रोजेदार इतरांच्या खांद्याला खांदा लावून उभा! अयूबभाईंनी ईद नसताना अख्ख्या केंद्राला शिरखुर्मा खाऊ घातला. मुलचेऱ्याच्या शेतकऱ्यांना लावणीसाठी गड्डे कबूल करून बसले.

मग कापणीला आमची सुकरी, शेतात निंदण करणारी, त्या पट्ट्यावरून कौतुकानं हात फिरवत म्हणाली, "म्याच पोसलं याले, भाऊ. तुमी समद्याइले देता अन् याले उपाशी ठेवता. पंगतीत बसवून एकाच्याच पत्रावळीवर वाढाचं नाई, असं असते का कुठी? घमेल्यात उरलं का मी टाकत जाओ मूठमूठ."

तिथे आम्ही तिघंच होतो. अयूबभाई गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं? बढती मिळाली असती, नाव झालं असतं. "खोट्या भरवशावर लोकायनं शेत गुंतवाचं का?" एवढंच म्हणाले. वरच्या कार्यालयाला कळवलं, चूक झाली, देखरेख माझी होती. सुकरीचं नाव कुठेही नाही. प्रयोग रद्द झाला. पुन्हा करू द्या म्हणून केवढ्या विनवण्या केल्या त्यांनी! कोणी ऐकलं नाही. "अयूबनं हयगय केली," असं या सभागृहातल्याही काही तोंडांनी म्हटलं, आणि मी आतल्या आत जळत राहिले. अयूबभाई, मान हलवून मला थांबवू नका. गप्प राहायचं वचन तुम्ही माझ्याकडून घ्यायचं विसरलात.

गेल्या आठवड्यात यंत्रानं देवनळ मुळासकट उपटला. सुकरी धावत आली. "काऊन उपटून राह्यले, भाऊ? माह्या हातून काई चुकलं का?"

"नाई बाई. तुह्या हातून काय चुकते? त्याचं काम झालं."

आणि गाडीच्या आड जाऊन हा माणूस ढसाढसा रडला. मी पाहिलं.

इतके दिवस सुकरीची चूल कापलेल्या देवनळावरच पेटायची; आता ती पुन्हा मोळीसाठी जंगलात जाते. संध्याकाळी अयूबभाई फाटकाशी उभे असतात, ती दिसली की मगच घरी जातात. उद्या ते बल्लारपूरला मुलाकडे राहायला चालले. फाटकाशी कोण उभं राहणार?

सुकरी आत्ता मागे चुलीपाशी आहे, तुमच्यासाठी रांधते आहे. कर्णा त्यासाठी बंद केला. साहेब, तुम्हालाही हात जोडून विनंती, इथे ऐकलं ते इथेच राहू द्या.

एवढं ऐकून घेतलंत, तुमची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात मर्यादा सुटली असेल तर लहान बहीण समजून पदरात घ्या. पानं मांडली आहेत. सुकरी वाढायला आली की तिच्यासमोर मात्र कोणी डोळे पुसू नका. ती विचारेल, काऊन रडता म्हणून.