मलावीहून आलेल्या बाईचा नवरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या दोन पिढ्यांचे कान पिळलेले आदरणीय दादासो शिंगटे सर, सांगलीहून मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉ. दीपमालाताई आवटे, हा सगळा घाट ज्यांनी घातला त्या आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा पद्माताई, व्यासपीठावरील मान्यवर, समोरच्या माता-भगिनींनो, बंधूंनो, आणि सतरंजीवर पहिल्या रांगेत बसलेल्या, अजून तरी शांत असलेल्या बालमित्रांनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती, सौ. श्रद्धा रविराज फाळके. चारचौघांत हे नाव घ्यायची माझी ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी उखाणा होता, आज तेवढी सोय नाही.

मी रविराज. इथं रहिमतपुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तुम्ही माझ्याकडे येता, एरवी माझी कुणाला आठवण येत नाही. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, 'पतीचे मनोगत, तीन मिनिटे'. पद्माताई, तीन वर्षांचं मनातलं तीन मिनिटांत कसं बसवायचं हो? सरांनी घंटी वाजवली तर ती मला ऐकू आली नाही असं समजावं.

श्रद्धानं काय केलं ते आत्ताच सगळ्यांनी सांगितलं. सरकारी दवाखान्यातली नर्स, बिनपगारी रजा टाकून आफ्रिकेतल्या मलावी देशात गेली, दोन वर्षं स्वयंसेविका म्हणून तिथल्या खेड्यांतल्या सुईणींना शिकवलं, आणि परत आल्यापासून शाळाशाळांत, बचत गटांत, ते अनुभव सांगत फिरते आहे. परवा पन्नासावं व्याख्यान झालं म्हणून हा सत्कार. त्या पन्नासही व्याख्यानांना मी हजर होतो. कुठं? मागं, भिंतीला टेकून, लॅपटॉपची वायर धरून. ती वायर सैल आहे. सोडली की पडद्यावरचं चित्र जातं.

आता मी काय बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल? मला अभिमान वाटतो, असं म्हणावं, रुमाल काढावा आणि खाली बसावं. तर अभिमान वाटतो. झालं ते. आता खरं सांगतो. मला हेवा वाटतो. लय वाटतो. माझ्या बायकोच्या कामाचा नव्हे, तुम्हा ऐकणाऱ्यांचा.

कसा ते सांगतो. ती परत आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मी विचारलं, "कसं होतं गं तिकडं?" ती म्हणाली, "बरं होतं." पुढं म्हणाली, "दळण संपलंय का?" मी म्हटलं, दमली असेल, सांगेल सावकाश. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मग पहिलं व्याख्यान झालं, इथल्याच शाळेत. आणि ही बाई चाळीस मिनिटं बोलली हो! तिथली लाल माती, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, बाळाला पाठीवर बांधून पाच कोस चालत येणाऱ्या बाया. मास्तरीण बाई डोळ्याला पदर लावून बसलेल्या. मी वायर धरून उभा. मनात म्हटलं, अगं, मला का नाही?

कुंडलला तर कहर झाला. सातवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही तिकडं आजारी पडला होता का?" ही सहज म्हणाली, "हो, मलेरिया झाला होता. नऊ दिवस. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, मी काही आता ओवीला बघत नाही."

ओवी म्हणजे आमची मुलगी, तेव्हा चौथीत होती. मंडळी, माझ्या बायकोला मलेरिया झाला होता, ती मरणाच्या दारात होती, हे मला सातवीच्या पोरांबरोबर कळलं. त्या नऊ दिवसांत तिचे दोन फोन आले होते. दोन्ही वेळा म्हणाली, "नेटवर्क खराब आहे, ठेवते." मी इकडं नेटवर्कला शिव्या घातल्या. माझ्या हातून वायर सुटली, पडदा पांढरा झाला, आणि वर्गशिक्षक म्हणाले, "ओ, जरा नीट धरा की."

ते नऊ दिवस चिकोंडी नावाची एक सुईण तिच्या उशाशी बसून होती. कपाळावर ओला फडका ठेवत होती, चमच्यानं पेज पाजत होती. खरं म्हणजे त्या माउलीचे पाय धरायला हवेत. पण मला काय वाटलं सांगू? ती जागा माझी होती, असं वाटलं. कुठल्या लांबच्या देशातली, मी जन्मात न बघितलेली बाई, आणि तिच्यावर मी जळत बसलो. हसा, हसा. मलाही हसू येतं, पण नंतर.

आमच्या मातोश्री मनुबाई त्या खांबाजवळ बसल्या आहेत. त्या मला घरी म्हणाल्या, "आरं, तिनं न्हाई सांगितलं, तर तू तरी कुटं सांगितलंस रं? पोरगी झाडावरनं पडली, हात मोडला, तवा तू फोनवर काय म्हणलास?" काय म्हणालो मी? "ओवी ना? शाळेत गेलीय." पोरगी शेजारच्या खोलीत हाताला प्लास्टर घालून बसलेली. सहा आठवडे ती शाळेतच होती, फोनवर. ते श्रद्धाला नंतर ओवीनंच सांगितलं, मी नाही. तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे कबूल करतो. काळजी नको म्हणून लपवायचं, हे आम्हा दोघांनाही इतकं जमलं की आता काळजी नसतानाही तोंड उघडत नाही.

आता ज्यासाठी मी उभा राहिलोय ते सांगतो.

महिन्यापूर्वी लॅपटॉपच्या पिशवीत वायर शोधताना मला एक कागद मिळाला. तिला मलावीला पाठवणाऱ्या संस्थेचं पत्र. श्रद्धाला पुन्हा बोलावलंय, तिथंच, एक वर्षासाठी. तारीख बघितली, पत्र येऊन बारा दिवस झालेले. मी कागद होता तसा घडी घालून ठेवला. म्हटलं, आज सांगेल. जेवताना सांगेल. ओवी झोपल्यावर सांगेल. आठ दिवस मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, "गॅस संपत आलाय." विचारायला माझ्या जिभेला काय झालं होतं? भीती, दुसरं काय. ती "हो" म्हणाली तर?

त्याच आठवड्यात विट्याच्या एका शाळेत व्याख्यान होतं. पोरं लाजतात म्हणून तिथं प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायची पद्धत आहे, आणि चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे आलं. सरस्वतीच्या फोटोसमोर सांगतो, मी ओवीच्या वहीचा कागद फाडून नेला होता. डाव्या हातानं लिहिलं, 'मॅडम, तुम्हाला परत बोलावलं तर तुम्ही जाणार का?' आणि चिठ्ठी टाकली डब्यात. बेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस मी, माझ्या बायकोच्या मनातलं कळावं म्हणून आठवीच्या पोरांत घुसलो.

चिठ्ठी मीच उघडली आणि मीच वाचली. श्रद्धा आजवर एकाही प्रश्नाला मागं सरकलेली नाही. तिकडं साप असतात का, देव कुठला, पगार किती, सगळ्याला उत्तर. त्या दिवशी तिनं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. पोरं बघायला लागली. मग खाली बघून म्हणाली, "पुढची चिठ्ठी."

पुढची चिठ्ठी होती डासांबद्दल. डासांवर ती सात मिनिटं बोलली.

परतताना पुसेसावळीला चहाला थांबलो. तिनं बशीत चहा ओतला, रस्त्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आज उसाच्या ट्रॉल्या लय हायेत, नाही?" मी म्हटलं, "व्हय, लय हायेत." रहिमतपूर येईपर्यंत आम्ही तेवढंच बोललो.

श्रद्धा, ती चिठ्ठी माझी होती. तुला तेव्हाच कळलं असेल किंवा आत्ता कळलं असेल, दोन्ही वाईटच. पत्राला उत्तर द्यायची शेवटची तारीख सोमवार आहे, तेही मला माहीत आहे. आज शुक्रवार.

इथं बसलेल्या मंडळींना वाटत असेल, आता हा म्हणणार, जा, खुशाल जा, माझा पाठिंबा आहे. तसलं मोठं मन माझ्याकडे नाही. तू मला विचारलंस तर मी आधी नाही म्हणेन. आवाज चढवेन. आईला मध्ये घालेन. ओवीचं कसं होणार म्हणेन, तिला आता स्वतःची वेणी घालता येते तरी. दोन दिवस जेवणार नाही. आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावरनं तुझी बॅग मीच खाली काढून पुसून ठेवेन. हे सगळं व्हायला पाहिजे गं. पण ते व्हायला तू मला विचारायला तरी हवंस. मलेरिया झाला तर पहिला फोन मला यायला हवा. तू माझ्यापासून लपवून हो म्हणालीस तरी मला सोसणार नाही, आणि लपवून नाही म्हणालीस तर अजिबात सोसणार नाही. उद्या कुठल्या तरी वर्गात मला ऐकायला लागेल की मॅडम घरासाठी थांबल्या. ते मला नको.

घंटी वाजली, ऐकली मी, सर. महिला मंडळाचे आभार, पाहुण्यांचे आभार, माझ्या बायकोला पन्नास वेळा मन लावून ऐकलंत म्हणून तुम्हा सर्वांचे आभार. घरातलं बोलणं मांडवात आणलं, एवढा आगाऊपणा पदरात घ्या. बोलण्यात कुणाचा मान कमी-जास्त झाला असेल तर लहान समजून सोडून द्या.

आता पत्रिकेप्रमाणे सत्कारमूर्तींचं उत्तर आहे. श्रद्धा, बाकी काय हवं ते बोल. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर या माईकवर देऊ नकोस. घरी चल, चहा ठेवतो, आणि ते मला एकट्याला सांग.