सहाव्या माळेचा निरोप

तुमच्या घरी घट बसतो, तर नऊ दिवस त्याच्यापाशी कोण बसतं? तुमी स्वतः, का माझ्यासारखी कुणी?

मी मूळची जांब्याची, दिली कासार आंबोलीला. माहेरी घट आई बसवायची. वावरातली काळी माती पत्रावळीवर पसरायची, गहू पेरायचे, वर पाण्यानं भरलेला मातीचा घट, तो पाझरतो आन खाली गहू उगवतात, रोज एक फुलांची माळ, दिवा इझू द्यायचा न्हाई. आई म्हणायची, अगं ही बियाणाची परीक्षा हाय, उगवलं तर पेरायचं. आता वावरात भाड्याच्या खोल्या झाल्यात, पेरायचं कुटं, तरी ती रोज वाकून बघायची.

माझे मालक वारले तवापासनं मी एका बंगल्यावर कामाला. गावापासनं लांब, टेकाडावर हाय. बाई पुण्याच्या, वाईट न्हाईत, खोटं कशाला बोलू. पहिल्या माळेला येऊन घट बसवतात, दसऱ्याला उठवतात, मधले दिवस मी. घट बसला की घर बंद ठेवत न्हाईत, मग मी तितंच भुईवर निजायचं, तेल घालायचं, माळ ओवायची, उपास बी मीच धरायचा. बाई हसायच्या, सुमन, पुण्य निम्मं निम्मं हं.

त्या वर्षी माझा फोन पाण्यात पडला होता, म्हणून दत्तूला, माझ्या धाकट्या भावाला, बाईंचा नंबर दिलेला. सहाव्या माळेला आई गेली. दत्तूनं बाईंना फोन केला. बाई म्हणल्या, तिला आत्ता सांगू नका, कळलं की सुतक लागतं, न कळता लागत न्हाई, घट तिच्या हातात हाय. दत्तू व्हय म्हणला. त्यो बी देवाला भिणारा.

काय सांगू तुमाला, त्या दिवशी मी झेंडू ओवत होते, गहू बोटभर झाले होते. लोक म्हणतात आतड्याला कळतं. न्हाई कळत.

दसऱ्याला बाईंनी घट उठवला, गव्हाचे तुरे देवीला वाहिले, मला साडी दिली, जेवू घातलं, मग जवळ बसून सांगितलं. मी विचारलं, तिला आंघोळ कुणी घातली? त्यांना म्हाईत नव्हतं. मी भांडी घासली आन जांब्याला गेले. राख बी सावडून झाली होती. दत्तू मान खाली घालून म्हणला, "आक्का, देवीचं होतं म्हणून."

"माझा घट नव्हता रं त्यो."

त्यानंतर बी मी तितंच हाय. माळ ओवते, तेल घालते. रडू अजून आलं न्हाई, येईल तवा येईल. देवी सगळ्यांचं भलं करो, बाईंचं बी.

तुमी लिहून घेताय तर एवढं लिवा, आन वाचणाऱ्यांनी एवढं करा. तुमच्या घटापाशी कुणाची लेक बसवली असंल आन तिच्या घरनं निरोप आला, तर त्याच घडीला तिला सांगा, गाडीत बसवून धाडा. दिवा तुमी सांभाळा. न्हाईच जमलं तर इझू द्या.