मिस्त्रींचं घर

मातीच्या घराचं कौतुक माझ्यासमोर तरी करू नका. पारनेरजवळ एका डॉक्टरांचं घर मी बांधलं. तिथलाच दगड, तिथलीच माती, लांबून डोंगराचाच भाग वाटावा असं. भिंती उभारल्या गावातल्याच भिमा मिस्त्रींनी, मुलाला हाताशी घेऊन. माती कशी मळायची, तेही मी त्यांच्याकडूनच शिकलो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना भेटायला गेलो, तर त्यांनी स्वतःचं मातीचं घर पाडलेलं. सगळे पत्र्याखाली घामाघूम.

"मिस्त्री, हे काय केलंत? किती थंड घर होतं!"

"व्हय साहेब, थंड हुतं. पन मातीच्या घरात पोरगी द्यायला कुनी तयार न्हाई."

"अहो, डॉक्टरांचं घर दाखवायचं ना त्यांना!"

"दाखवलं की. पोरीचा बाप म्हनला, त्ये हौसेनं ऱ्हात्यात, तुमी नाइलाजानं."

शेवटी सिमेंटच्या घराचा नकाशा मीच काढून दिला. स्लॅब टाकून दोन वर्षं झाली, मुलगा अजून बिनलग्नाचाच. परवा मिस्त्रींना फोन केला, काही जमतंय का म्हणून.

"घर समद्यांना पसंत पडतं, साहेब," ते म्हणाले. "आता म्हनत्यात, पोरगा गवंडीच ना?"