सगळ्यात जवळचं घर

...नाही, पण मला नुसतं खुर्चीत बसून यंत्राकडे बघायचं होतं हो, बाकी काही नाही! आणि आज अख्खी गल्ली मला बघून गालातल्या गालात हसते. दूधवाला हसतो. केस कापणारा तर हातात वस्तरा घेऊन हसतो, आता अशा वेळी आपण काय बोलणार? माझंच चुकत असेल म्हणा. पण तुम्ही आधी ऐका आणि मग सांगा.

तर आमच्या घरामागे एक मोकळं मैदान आहे, मधे फक्त आमचं कुंपण. त्या मैदानावर दर उन्हाळ्यात गाण्याबजावण्याचा जलसा भरतो. महोत्सव म्हणायचं, जलसा म्हटलं की सूनबाईला राग येतो, कारण हा महोत्सव तिनं काढलेला. तिनं आणि तिच्यासारख्याच आणखी चार... वेडे म्हणणार होतो, शेजारी म्हणतो. कुठल्या कंपनीचा आधार नाही, कमानीवर कुणाच्या साबणाची जाहिरात नाही, सगळं आपल्या हातानं करायचं. म्हणजे कसं, तर गल्लीतली दातांची डॉक्टर आहे, तिच्याकडे फिरत्या संडासांची व्यवस्था. मी न राहवून विचारलं, अहो डॉक्टर, तुम्ही आणि हे काम? तर म्हणाली, "सर, वर्षभर मी एकच टोक बघते." एक मुख्याध्यापक आहेत, ते गाड्या लावून घेतात, आणि उंचीप्रमाणे लावतात, बुटक्या पुढे, आणि गाडी वाकडी लागली की मालकाला उभं करतात. आणि आवाज कमीजास्त करायची ती बटणांची पाटी असते ना, ती गॅरेजवाल्याकडे. तो गायकाला इंजिनासारखं ऐकतो, डोळे मिटून, मान वाकडी करून. एका चांगल्या नावाजलेल्या गवयाबद्दल मला हळूच म्हणाला, "गाडी उत्तम आहे सर, पण चढावर मिसिंग मारते."

अशी ही मंडळी. मी त्यांच्यात कुठे बसतो? कुठेच नाही, म्हणून तर मला बसवलं!

झालं काय, गेल्या वर्षी पलीकडच्या कुणीतरी पालिकेत तक्रार केली की फार आवाज होतो. पालिकेनं यंदा अट घातली. मैदानाच्या सगळ्यात जवळच्या घरापाशी आवाज मोजायचा, आणि मर्यादा ओलांडली की महोत्सव जागच्या जागी बंद, पुन्हा परवानगी मागायला यायचं नाही. सगळ्यात जवळचं घर कुणाचं? आमचं! आता यंत्रापाशी दिवसभर बसणार कोण? तर सूनबाई म्हणाली, आमचे बाबा. बाबांची डॉक्टरेटच मुळी मोजमापातल्या चुकांवर आहे.

आहे, खरंच आहे. पण त्या प्रबंधाचं सार तुम्हाला सांगतो, ते असं की कुठल्याही मोजमापावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. हे सिद्ध करायला मी ऐन तारुण्य घालवलं. आणि अशा माणसाला तुम्ही यंत्रासमोर बसवता आणि सांगता, लाल दिवा लागला तर सांगा? अहो, लागला म्हणजे काय? कितपत लागला? खरंच लागला, की उन्हाची तिरीप पडली? मी आदल्या दिवसापासून जेवलो नाही नीट. माझ्या हातून काही राहिलं तर पोरीचा इतक्या वर्षांत उभा केलेला खेळ मोडणार. आणि पोरगी तरी कशी, कधी चढ्या आवाजात बोलली नाही माझ्याशी. बोलली असती तर बरं होतं, नाही म्हणायला सोपं गेलं असतं. माझंच चुकत असेल म्हणा...

दिवस उजाडला. व्हरांड्याच्या कडेला तिकाटण्यावर ते यंत्र, शेजारी मी. तिकडे पहिला गवई बसला, त्यानं नुसता घसा खाकरला, मी गॅरेजवाल्याला फोन केला, जरा कमी करा. तो म्हणाला, सर, अजून चालू केलेलं नाही. मग चालू झालं, मी पुन्हा फोन केला. मग वारा फिरला, मी फोन केला. वारा पडला, तेव्हा आता वारा पडलाय हे सांगायला केला. आणि यंत्र तरी कसलं, मेलं कशानंही उडी मारायचं! आत कुकरची शिट्टी झाली तर आकडा टुणकन वर. मी धावत स्वयंपाकघरात. हिला म्हटलं, अगं, आजच्या दिवस शिट्टी नको. ही म्हणाली, बरं. मग भांडं पडलं, मी पुन्हा धावलो. मग ही फोनवर बहिणीशी बोलत होती, तुम्हाला सांगतो, हिच्या माहेरचे सगळेच जरा मोकळ्या गळ्याचे, मी दारातून तोंडावर बोट ठेवून खूण केली. हिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं... काही बोलली नाही. ते न बोललेलं पुढे येणार आहे, लक्षात असू द्या.

दुपार कलली आणि पालिकेचे साहेब आले. तरुण, इस्त्रीचे, मितभाषी. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, यंत्र मधे. आता मला सांगा, आपल्याला आधीच धीर नाही, त्यात परीक्षक मांडीला मांडी लावून! मी फोनचा सपाटाच लावला. कमी करा, अजून कमी, अजून थोडं. तिकडे काय व्हायला लागलं, मागचे लोक पुढे सरकले, पुढचे मंचाला चिकटले, कुंपणावरून बघितलं तर सगळे कानामागे हात धरून उभे, एखाद्या आजाऱ्याचं शेवटचं बोलणं ऐकावं तसे. शेवटी सूनबाईचा फोन आला. ती चिडली नव्हती. एवढंच म्हणाली, "बाबा, लोकांना आम्ही दिसतोय, पण ऐकू येत नाही हो." पण लाल दिवा लागला असता तर? माझंच चुकत असेल म्हणा, पण तुम्ही काय केलं असतं?

मग शेवटचं गाणं. ते दर वर्षी ठरलेलं. राबणारे सगळे मंचावर येतात आणि एकत्र म्हणतात. डॉक्टरीण रबरी हातमोजे काढून येते, मुख्याध्यापक शिट्टी खिशात घालून येतात, गॅरेजवाला बटणं तशीच सोडून धावतो, मधे आमची सूनबाई. यंदाचं गाणं तिनंच बांधलेलं. सगळा हिवाळाभर ती ते आमच्या ओट्यापाशी भाजी चिरता चिरता घोळवत होती, एकेक ओळ बदलून बघायची, मी शेजारच्या खोलीत पेपर धरून बसलेला. पेपर वाचत होतो असा तिचा समज. पाठ झालं हो मला ते, सगळं, तिनं टाकून दिलेल्या ओळींसकट.

तिनं सुरू केलं. आणि मला ऐकू येईना. मीच कमी करायला लावलेलं! पहिली ओळ नुसती अंदाजानं कळली. मी कान दिला. दुसरी ओळ वाऱ्यावर गेली. मी मनातल्या मनात म्हटली, म्हणजे माझी आपली जागा चुकू नये म्हणून. मग मनातल्या मनात म्हणताना ओठ हलले असावेत. मग... आता हे लक्षात घ्या, मी उभ्या नोकरीत माईक वापरला नाही. शेवटच्या बाकावरचा झोपलेला पोरगा दचकून उठावा असा हा गळा. सुराचं म्हणाल तर सूर आमच्या घराण्यात कुणाला नव्हता, हिनं लग्नाआधी चौकशी केली नाही. तर कडव्याच्या शेवटी जिथे सूनबाई वर जाते ना, तिथे मीही गेलो. डोळे मिटलेले. उघडले तेव्हा यंत्राचा दिवा लाल!

साहेबांनी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, मर्यादा ओलांडली.

मी म्हटलं, अहो, तो मी होतो. ते म्हणाले, "आजोबा, आवाज कुठून आला ते नियमात नाही. कुठे पोचला, तेवढंच आहे." आणि खिशातून पेन काढलं. पलीकडे गाणं संपलेलं, सगळे चिडीचूप, कारण यंत्र आमच्याकडे आहे हे त्या मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक. फोन वाजला, गॅरेजवाला. एवढंच म्हणाला, "सर, लागला का?"

मी फोन तसाच ठेवला. साहेबांना म्हटलं, "हा आवाज त्यांचा नाही. चूक माझी आहे."

"खात्री आहे?"

अहो, हा प्रश्न मला कुणी विचारला की घाम फुटतो! लग्नाआधी मोठ्या मामांनी विचारलं होतं, मुलगी पसंत आहे ना, तर मी म्हणालो होतो, प्रथमदर्शनी. हिनं ते अजून जपून ठेवलंय. पण त्या दिवशी मी म्हटलं, "खात्री आहे. माझीच."

साहेब म्हणाले, मग दाखवा करून.

आता बघा. मैदान गप्प, कर्णे बंद, संध्याकाळचं तिरपं ऊन, आणि मी, एका विद्यापीठाचा निवृत्त विभागप्रमुख, व्हरांड्यात लुंगीवर उभा राहून, यंत्राकडे तोंड करून, ते कडवं एकट्यानं म्हटलं. वरच्या जागेसकट. लाल! साहेबांनी पेन खिशात ठेवलं. आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून... टाळ्या! लोकांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग. दिवसभरात स्वच्छ ऐकू आलेला पहिला गायक मीच ना! वन्समोअर आला हो. मुख्याध्यापकांची शिट्टी मी ओळखली.

सूनबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. हसत होती की रडत होती, खात्रीनं सांगता येणार नाही, मी चष्मा काढलेला होता.

परवानगी मिळाली. पुढच्या वर्षीचीही. फक्त पालिकेनं एक अट वाढवली, की महोत्सवाच्या दिवशी सगळ्यात जवळच्या घरातले ज्येष्ठ गृहस्थ घरात नसावेत. मी ती हिला वाचून दाखवली. ही त्या दिवसभराचं न बोललेलं घेऊन बसलेलीच होती. शांतपणे म्हणाली, "अहो, ही अट एकाच दिवसापुरती का?"

माझंच चुकत असेल म्हणा.